कांताची आयव्हरी साडी

कोपरीतल्या चाळीत तळमजल्याच्या खोलीत कांता खरात ब्लाउज शिवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. मोबाइलवर हिरॉइनीचा फोटो घेऊन येणाऱ्या बायकांना तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "शिवून देते ताई, पाठ मात्र तुमचीच राहणार." बायका हसायच्या आणि तसाच ब्लाउज शिवून न्यायच्या. सिनेमावाल्यांच्या नादाने पैसे उडवणारी माणसं हा तिचा आणि नवरा भगवानचा जेवतानाचा आवडता विषय.

गेल्या हिवाळ्यात एका नटीचं लग्न झालं. लाल-हिरवं सोडून तिने दुधावरच्या सायीच्या रंगाची साडी नेसली, आणि पंधरा दिवसांत कोपरीतल्या बायका त्याच रंगाची कापडं घेऊन कांताच्या दारात. सगळ्यांकडे फोटो तोच. कांताने तसले अकरा ब्लाउज शिवले. पहिल्याच्या वेळी ती हसली. सातवा तिने आरशासमोर अंगाला लावून बघितला. अकरावा देऊन टाकला त्या संध्याकाळी ती ठाण्यातल्या एका डिझायनर दुकानात उभी होती. मुलाचं, सुमितचं लग्न महिन्यावर आलेलं. एवढं निमित्त पुरे होतं.

"ही पांढरी दाखवा," ती म्हणाली.

"पांढरी नाही मॅडम, आयव्हरी," दुकानातल्या मुलीने सुधारलं.

कांताने पदर चिमटीत धरला. एरवी नुसत्या बोटांनी ती कापडाचा भाव सांगायची. बोटं अडीच हजार म्हणत होती, चिठ्ठी बावीस हजार म्हणत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने बोटांचं ऐकलं नाही. मुलीने पदर खांद्यावर टाकून दिला आणि म्हणाली, "अगदी सेम तिच्यासारख्या दिसता." हे खोटं आहे हे कांताला कळत होतं. तरी तिने "काय म्हणालीस?" विचारून ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

घरी भगवानने विचारलं, "केवढ्याला?"

"आयव्हरी आहे."

"मी रंग नाही विचारला."

लग्न खडवलीला, नवरीकडे होतं. कांता ताठ मानेने मंडपात शिरली आणि जागीच थांबली. बुद्धवंदनेसाठी महिला मंडळाच्या साठेक बायका बसलेल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. नवरी रचना पांढऱ्या साडीत, तिची आईसुद्धा पांढऱ्या साडीत. कांताच्या स्वतःच्या कपाटात तसल्या पाच होत्या. बौद्धांच्या लग्नात पांढरं नेसून उठून दिसायला निघालेली आपण पहिलीच, हे तिला तिथे चपला काढता काढता उमगलं.

रचनाची आई शांताबाई लगबगीने पुढे आली. "विहीणबाई, साधी नेसलात ते बरं केलंत. नवरदेवाची आई म्हणून बायका उगाच भारीतलं घेतात." तिने पदर हातात घेऊन बघितला. "आमच्या मंडळाने घाऊक आणल्या, साडेचारशेला एक. तुम्हाला कितीला पडली?"

"थोडी जास्त पडली," कांता म्हणाली. शेजारी भगवानला ठसका लागला.

ती बायकांच्या ओळीत जाऊन बसली. वंदना सुरू झाली, आणि तिला स्वतःचंच हसू यायला लागलं. आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मुलाच्या लग्नात आईचं मन भरून आलं असं समजून शेजारच्या म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, तशी ती आणखीच गदगदली.

फोटोंचा अल्बम आला तेव्हा घोळक्यातली सासू दाखवताना रचनाने भलत्याच बाईवर बोट ठेवलं. कांतालाही स्वतःला जरा शोधावंच लागलं होतं.

आता ती ही गोष्ट गिऱ्हाइकांना आपणहून सांगते, किमतीसकट. त्या पोट धरून हसतात आणि फोटो पुढे करतात. साडी पौर्णिमेच्या पौर्णिमेला विहारात जाते. वैशाखात तिच्यावर खीर सांडली. लेबलवर फक्त ड्रायक्लीन असं लिहिलेलं. कांताने ती बादलीत भिजवली, साबणाची वडी घासली आणि बाहेर शेजारणीच्या चादरींशेजारी वाळत घातली.