शिंप्याच्या माळ्यावरचं घुबड

इंदापूरच्या पेठेतला माझा शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे त्याचं रागावणंही पुटपुटल्यासारखं वाटे. एकदा त्याच्या दुकानाच्या माळ्यावर घुबडानं घरटं केलं. अशुभ म्हणून गिऱ्हाइकं बिचकू लागली. ऐन लग्नसराईत एक आबा लेकीच्या लग्नात घालायच्या कोटाचं कापड घेऊन आले.

"आधी ते घुबड हाकल," ते म्हणाले.

शिंप्यानं टाचण्या काढून ठेवल्या. "पिलांस्नी अजून उडता येत न्हाय, आबा. कापड दुसरीकडं न्या." त्यानं कापड परत दिलं.

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण आबांनी वर पाहिलं. तीन पांढरी तोंडं त्यांच्याकडं टकामका बघत होती. आबांना हसूच फुटलं.

"घे माप," ते म्हणाले. "फकस्त व्याह्यांना ह्यातलं काय सांगू नगंस."