फक्रुद्दीनभाईंची बोलणी

शेवगावात चावीचं घड्याळ दुरुस्त करायचं, तर आधी फक्रुद्दीनभाईंची बोलणी खावी लागत. त्यात कुणालाच सूट नव्हती. एसटी स्टँडमागच्या बोळात, मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या दोन दुकानांच्या मध्ये चेपलेली त्यांची खोली. आत एक टेबल, एक काचेची पेटी आणि गिऱ्हाईकासाठी एक स्टूल. माणूस स्टुलावर टेकला की भाई घड्याळाचं मागचं झाकण उघडायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि आत बघता बघता तोंडाचा पट्टा सुरू करायचे. आत पाणी कसं गेलं? हात धुताना मनगटावरचं काढायला काय जातं? काट्यांना हा रंग कुणी फासला, घरातल्या भिंती रंगवून उरला होता का?

लोक मुकाट ऐकून घेत, कारण हाताला गुण होता. अलीकडे जुन्या घड्याळांचं खूळ आल्यापासून तर नगरकडची शिकलेली पोरंही येत. त्यांना त्या बोलण्यांची मजाच वाटे. घरी मुबारकबी मात्र नवऱ्याला नेहमी ऐकवायच्या, की एवढं तेल घड्याळांत घालता, त्यातलं थेंबभर जिभेवरही घालत जा. भाई हसून सोडून देत. आपण खोटं बोलत नाही, घड्याळात दिसतं तेच सांगतो, याचा त्यांना फार अभिमान होता.

त्या दुपारी स्टुलावर शौनक बसला होता, बँकेत नोकरीला असलेला नगरचा तरुण. त्यानं मोबाईलवरून मागवलेलं 'जुनं अस्सल' घड्याळ भाईंनी उघडलं होतं.

"हे घड्याळ नाही साहेब, खिचडी आहे," भाई म्हणाले. "तीन मेलेल्यांचे अवयव एका डबीत कोंबलेत अन् वरून नवी तबकडी डकवलीय. शिकलेली माणसं तुम्ही, फोटो बघून घड्याळ घेता?"

शौनक हसत होता. भाई रंगात आले होते. अशा वेळी मनकर्णाबाई दारात आल्या आणि सगळा घोटाळा झाला.

मनकर्णाबाई घोडेगावच्या. सत्तरी उलटलेली, अंगावर सुती नऊवारी, एसटीतल्या गर्दीनं चेहरा ओढलेला. त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक मर्दानी घड्याळ टेबलावर ठेवलं.

"परवापसून बंद पडलंय," त्या म्हणाल्या. "चावी देते, पन चालत न्हाई."

भाईंनी कुणाचं, काय, काही विचारलं नाही. नेहमीच्या सवयीनं झाकण उघडलं, चावीचा उरलासुरला पीळ उतरवला, भिंग लावलं आणि जीभही सोडली.

"मावशी, कुणी मारलं याला? आत तेलाचा थेंब नाही. वर्षानुवर्षं कोरडं फिरवलंय. हे बघा, चाकाच्या दांडीचं टोक झिजून गेलं, ती ज्यात फिरते त्या खड्यांभोवती काळी भुकटी साचलीय. ती भुकटी म्हणजे याचंच लोखंड. चालवणाऱ्यानं रोज थोडं थोडं करून जीव घेतलाय. नुसतं बंद करून ठेवलं असतं तरी वाचलं असतं. कोण वापरतं हे?"

"वापरत न्हाई कुनी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आमच्या मालकांचं हाय. ते गेल्यापसून मीच रोज सकाळी उठून चावी देते. उशाला आसतं. घरात तेवढाच आवाज हुता."

शौनकचं हसू मावळलं. तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

बोललेलं परत घेता येत नाही हे काय भाईंना ठाऊक नव्हतं? पण आजवर ज्यांना बोलले ती माणसं निर्ढावलेली होती, हसून किंवा चरफडून निघून जायची. ही बाई तसलं काहीच करत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती.

"म्हंजी मीच," ती हळूच म्हणाली. मग हात पुढे केला. "द्या मग. संपलं ते संपलं."

"बसा," भाई म्हणाले.

"गाडी जाईल माझी."

"दुसरी मिळेल. साहेब, उठा जरा. बसा, मावशी."

शौनक उठून दाराशी उभा राहिला. मनकर्णाबाई स्टुलावर बसल्या, तेही अगदी कडेला, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशा. ही बाई आत्ता अशीच घोडेगावला गेली, तर नवऱ्याची वस्तू आपल्याच हातानं मारली हे घेऊन उरलेली वर्षं काढणार, आणि ते तिच्या डोक्यात घातलं आपण, हे भाईंना लख्ख दिसत होतं. घड्याळ चालू झालंच पाहिजे होतं.

त्यांनी टेबलाखालून मेलेल्या घड्याळांचा डबा काढला. त्याच जातीची तीन सापडली. पहिल्याचं चाक वाकडं निघालं. दुसऱ्याचं टोक मनकर्णाबाईंच्या घड्याळासारखंच झिजलेलं. तिसरं उघडताना भाईंनी मनात अल्लाचं नाव घेतलं. चाक धड होतं, वरची केसासारखी बारीक स्प्रिंगही धड होती. पण एकच. हे बिघडलं तर दुसरं कुठून आणणार?

बाकीचे भाग धुऊन, पुसून, तेल घालून त्यांनी बसवत आणले. बारीक भाग उडू नयेत म्हणून पंखा बंद केला. खोलीत घाम निथळू लागला. गप्प बसवेना म्हणून शौनकनंच हळू आवाजात विचारलं, "आजी, आजोबा काय करायचे?"

"घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली. सहादेव दलाल म्हनत. उपरन्याखाली बोटं धरून भाव करायचे. मी तिथंच चहा इकायचे."

भाईंनी चिमट्यात चाक उचललं. स्प्रिंगचं टोक चिमट्याच्या दातात अडकलं आणि चाक खाली लोंबून गरगरू लागलं. आता हात जरा हलला तरी स्प्रिंग ताणली जाणार, आणि ताणलेली स्प्रिंग पुन्हा सरळ होत नाही. भाईंनी श्वास रोखला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, भिंगावर वाफ धरू लागली. बाहेर कुणीतरी "मोबाईलची काच बसवता का?" म्हणून ओरडलं, शौनकनं त्याला नुसत्या हातानं हाकललं. भाईंनी दुसऱ्या हातात सुई घेतली, चाक टेबलावरच्या काचेला जेमतेम टेकवलं, आणि सुईनं स्प्रिंगचा पीळ दातातून सोडवला. सुटला. मग पुन्हा उचललं आणि जागेवर ठेवलं. वरचा स्क्रू घट्ट होईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

झाकण लावून त्यांनी घड्याळ मनकर्णाबाईंच्या पुढे केलं.

"द्या चावी."

मनकर्णाबाईंनी हात पदराखाली घेतला. "तुमीच द्या, भाई."

"तुमचं घड्याळ आहे."

"माझ्या हातानं न्हाई द्यायची मी आता."

चाक बसलं होतं, तेल पडलं होतं, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि तरी दुरुस्ती झालीच नव्हती. बाई घड्याळाला हात लावायला भीत होती. मग भाईंनी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकापुढे केलं नव्हतं ते केलं.

"मावशी, मघाशी मी चुकीचं बघितलं," ते म्हणाले. "तुम्ही रोज चावी दिली म्हणूनच हे इतकं टिकलं. बंद ठेवलं असतं तर आतून गंजून गेलं असतं."

बोलता बोलता त्यांचे कान तापले. नजर टेबलावरच्या स्क्रूंवर खिळली.

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं.

"भाई, मी जलमभर बाजारात चहा इकला," त्या म्हणाल्या. "आटलेली म्हैस दुभती म्हनून गळ्यात मारनारी मानसं रोज बघितली. तुमाला न्हाई जमत."

शौनक खोकला. भाईंनी भिंग काढून खाली ठेवलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"नाही जमत," ते म्हणाले. "कोरडं फिरलं म्हणूनच झिजलं. पण तेल घालून घ्यावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई."

"मग तुमचा काय गुन्हा? मला घड्याळ दिसलं अन् माणूस दिसलं नाही. ते बोलणं माझं चुकलं. फार चुकलं, मावशी." घड्याळ पुन्हा पुढे सरकवून ते म्हणाले, "आता आत तेल आहे. रोज चावी द्या. दर वर्षी एकदा माझ्याकडे आणा. मी असेन नसेन, दुसऱ्या कुणाकडे न्या. पण रोज द्या."

मनकर्णाबाईंचा हात पदराखालून बाहेर आला. त्यांनी घड्याळ उचललं आणि दोन बोटांत चावी धरून अगदी सावकाश फिरवली, पुन्हा फिरवली. सेकंदकाटा सुटला.

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. डोळे मिटले. भाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की या बाईला फसवता येणार नाही, या आवाजाच्या बाबतीत तर नाहीच.

"आवाज निराळा हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"हो," भाई म्हणाले. "आतलं चाक दुसऱ्याचं आहे. तुमच्या मालकांचं राहिलं नव्हतं."

मनकर्णाबाईंनी घड्याळ कानापासून काढलं नाही. आणखी थोडा वेळ ऐकलं.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "रातच्याला जाग आली की घरात कुनीतरी हाय, एवढं कळलं म्हंजी झालं."