मोठ्या सरांची सही

मेडिसिन वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांना सगळे मोठे सर म्हणत. निवृत्तीला टेकलेला माणूस. अर्धांगवायू झाल्यापासून त्यांच्या बायकोला दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नसे. सकाळी तिला आंघोळ घालायची, भरवायचं, मगच घर सोडायचं. त्यामुळे वॉर्डात राउंड सुरू व्हायला दुपार व्हायची. कारण कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी धजत नव्हतं.

खाली इमर्जन्सीत मात्र पेशंट स्ट्रेचरवर ताटकळत. खाटा कमी पडतात, अशी सगळ्यांचीच समजूत होती. शेवटी प्रशासनाने एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी अख्खं हॉस्पिटल कॉम्प्युटरमध्ये उभं केलं. पेशंट म्हणजे ठिपके, खाटा म्हणजे चौकोन. खाटा वाढवून बघितल्या, नर्स वाढवून बघितल्या. काही केलं तरी ठिपके मेडिसिनच्या दाराशी येऊन तुंबायचे. आत बरे झालेले पेशंट घरी जायच्या कागदावर सरांची सही मिळेपर्यंत खाट अडवून बसलेले असायचे.

प्रशासनासोबतच्या मीटिंगआधी बाईंनी सरांना एकट्याला गाठून हे दाखवलं. सरांनी पडद्यावर तुंबलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"म्हणजे बूच मीच आहे," ते म्हणाले.

राउंड लवकर झाला तर मोकळं होईल, असं बाईंनी चाचरत सुचवलं. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पहिल्यांदाच घरचं सांगितलं, हवापाण्याचं बोलावं तसं.

बाईंनी आकडे बदलून पुन्हा चालवून बघितलं: बरे झालेल्यांना सकाळीच वॉर्डातल्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या सहीने घरी सोडायचं, अवघड पेशंट तेवढे सरांसाठी ठेवायचे. ठिपके सरकू लागले.

आजवर सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पेशंट घरी गेला नव्हता.

"सोडतो सही," ते म्हणाले. "दमलोय मी."

सुरुवातीला त्यांनी सकाळी फोन करकरून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं. मग एक दिवस बायकोनेच बोबड्या शब्दांत म्हटलं, "ठेव तो." त्यांनी फोन ठेवला.

इमर्जन्सीतली गर्दी खरंच ओसरली. सर मात्र वॉर्डात शिरले की ओळखीच्या खाटांवर नवे चेहरे दिसत. रोज त्यांच्याशी गप्पा मारणाऱ्या एक आजी अशाच सकाळी बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. त्यांच्या खाटेवर धापा टाकणारा एक माणूस होता. सरांनी स्टूल ओढलं, खाली बसले आणि त्याला विचारलं, "कधीपासून होतंय हे?"