झिऱ्यावरची ॲग्नेस

ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोत, भरगर्दीत, ॲग्नेस आम्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, "पोट साफ झालं का?" पाठीवर सॅक, कमरेला खुरपं आणि आवाज असा की मुरबाडच्या गाडीला थांबलेले म्हातारेसुद्धा मान हलवून उत्तर द्यायचे. कोणी लाजलं की म्हणायची, "नाटक नको करूस रे. सगळ्यांचं सारखंच असतं. मी रोज बघते."

खरंच बघायची. मानपाड्याच्या एका लॅबमध्ये ती शौचाचे नमुने तपासायची. खाडीकाठच्या जुन्या ख्रिस्ती घरातली मुलगी. घरी भातशेती आणि मासळी, हिने मायक्रोस्कोप धरला. सुटली की थेट तलाव वाचवणाऱ्या आमच्या गटाच्या बैठकीला यायची आणि पत्रकाचा मसुदा वाचून नाक मुरडायची. मी एकदा लिहिलं होतं, 'जलस्रोतांचे पावित्र्य जपा.' तिने ते खोडलं. "पावित्र्य काय लावलंयस? लिही, तलावाच्या काठावर हगू नका. कळू दे लोकांना." ते छापायला कोणी तयार झालं नाही. आमच्या सगळ्या मसुद्यांत तेवढं एकच वाक्य कामाचं होतं, असं माझं आजही मत आहे.

एका उन्हाळ्यात आम्ही गटातले काही जण मुरबाडपलीकडच्या एका तलावाच्या काठाकाठाने चालायला निघालो. निळं पाणी, मागे डोंगर, फोटोत एकदम झकास. फोटोत न येणारं मी सांगतो: ओले टिश्यू, डायपर, फुटलेल्या बाटल्या आणि दर झुडपामागे माणसाची घाण. नाक दाबून चालायची वाट होती ती. ॲग्नेस मात्र प्रत्येक ढिगाशी थांबायची. "हा आपल्याकडचाच वीकेंडवाला. मका खाल्लाय बघ." मग खुरप्याने खड्डा करून ते पुरायची आणि पुढे जायची. आमचा म्होरक्या पराग वैतागला. "ॲगी, ट्रेकला आलोय की संडास साफ करायला?"

"तुझ्या मोहिमेत दुसरं काय आहे?" ती म्हणाली.

संध्याकाळी काठावरच्या पाड्यात परागने बायकांना गोळा करून पाणी या विषयावर भाषण दिलं. कसं उकळावं, कसं झाकावं, सगळं. बायका पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. त्यांचं पाणी यायचं झिऱ्यातून. झिरा म्हणजे काठाच्या वाळूत उकरलेला हातभर खड्डा. तलावाचं पाणी वाळूतून गाळून त्यात पाझरतं आणि बायका ते वाटीवाटीने हंड्यात भरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पराग झुडपामागे जाऊन आला आणि खाली उतरून त्याने त्याच झिऱ्यावर बसून धुतलं. ॲग्नेसने बघितलं, मीही बघितलं.

"अरे, मला डबकं वाटलं," पराग म्हणाला. "एवढं काय? गाळूनच येतं ना ते."

तेवढ्यात पाड्यातली जानकीबाई हंडा घेऊन आली आणि त्याच झिऱ्यातून भरायला लागली. आमच्यातले बाकीचे कुजबुजले, "ॲगी, गप्प बस. पुढच्या महिन्यात इथेच कार्यक्रम आहे. गाव उभं करणार नाही आपल्याला."

"आणि पोरं जुलाबाने आडवी झाली की? इथून लॅबपर्यंत त्यांचा नमुना कोण आणणारे, तू?"

ती खाली गेली आणि तोवर अर्ध्यावर आलेला हंडा तिने लाथेने आडवा केला.

"येडी का काय तू?" जानकीबाई ओरडली. "वाटीवाटीनं भरला व्हता!"

"मावशी, या माणसाने आत्ता यात ढुंगण धुतलंय." आणि तिने परागकडे बोट दाखवलं. नाव घेतलं, आडनाव घेतलं. पराग बुटाची नाडी बांधत बसला. पाण्यावर तासभर बोलणाऱ्या या माणसाला साधी माफी मागता येईना. किळस मला त्या झिऱ्याची आली नाही, त्या वाकलेल्या मानेची आली.

ॲग्नेसने झिरा बुजवला. जानकीबाईने वरच्या अंगाला जागा दाखवली, तिथे ती आणि मी खणायला बसलो. पहिलं पाणी गढूळ आलं, ते उपसलं. दुसरंही उपसलं. ऊन चढलं, नखांत वाळू गेली. बाकीचे झाडाखाली बिस्किटं खात होते. शेवटी तळ दिसेल असं पाणी साचलं. जानकीबाईने वाटी बुडवून ॲग्नेससमोर धरली. "तू पी आदी."

पाण्यात काय काय असतं हे आमच्यात एकट्या तिलाच ठाऊक होतं. तिने वाटी रिकामी केली. "गोड आहे, मावशी."

मग जानकीबाईने वाटी पुन्हा भरून परागपुढे धरली. तो मागे सरकला. "नको, माझ्याकडे आहे," म्हणत त्याने सॅकमधून विकतची बाटली काढली.

जानकीबाई त्या बाटलीकडे बघत राहिली. मग शांतपणे हंडा भरला, डोक्यावर चढवला आणि जाताना ॲग्नेसला म्हणाली, "तू ये गं परत. यांना आनू नको."

ॲग्नेस तशीच जात राहिली, कुवेतच्या लॅबमध्ये नोकरी लागेपर्यंत. परागने तिला गटातून काढलं, कारण दिलं शिस्तभंग. मी त्याच दिवशी बाहेर पडलो. त्यांची पत्रकं अजून निघतात, गुळगुळीत कागदावर. ती हातात घ्यायलासुद्धा मला नको वाटतं.