पिरॅमिड सासऱ्यांच्या शेजारी

पन्नाशी उलटल्यावर मी जलरंग शिकायला लागले. पूनम सागरमधल्या आमच्या फ्लॅटपासून क्लास दोन गल्ल्यांवर. पहिलं धड जमलेलं चित्र इजिप्तचं निघालं: पिवळंधमक वाळवंट, तीन पिरॅमिड आणि कोपऱ्यात एक उंट. तो जवळून बकरी वाटतो, म्हणून जवळून बघू नये. मला ते हॉलमध्येच लावायचं होतं. आजवर मुलांची बक्षिसं भिंतीवर टांगली, आता माझंही काहीतरी टांगलं जावं, एवढाच हट्ट.

हॉलमध्ये जागा एकच होती, सासऱ्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. सासूबाई राई गावातल्या कोळी घरातल्या. त्यांना चित्र आवडलंसुद्धा. तेवढ्यात नवऱ्याने, कुणी विचारलेलं नसताना, ज्ञान पाजळलं, की ही राजांची थडगी आहेत आणि मेलेल्या राजाबरोबर आत जेवणखाणही ठेवायचे.

"मसणवट घरान न्हाय लागायची," सासूबाईंनी निकाल दिला. चित्र पलंगाखाली गेलं. मला इतका राग आला की दोन दिवस नवऱ्याला मी बिनसाखरेचा चहा पाजला.

मग सर्वपित्री अमावस्या आली. मी वडे तळत होते, सासूबाई खीर ढवळत होत्या. अगदी गरीब चेहरा करून मी म्हटलं, "आई, आज ज्यांचं कुणी नाही त्यांचंही पान वाढतात ना? त्या राजांचं तर अख्खं खानदान बुडालं. त्यांना कोण घालणार घास?"

त्यांचा हात थांबला. खिरीखालचा गॅस बारीक करून म्हणाल्या, "काढ त्यांना भाएर."

नवऱ्याने मुकाट्याने खिळा ठोकला. चित्र सासऱ्यांच्या शेजारी लागलं आणि मी मनातल्या मनात फुगडी घातली. सासऱ्यांचं पान वाढून झाल्यावर राजांसाठीही एक पान मांडलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, चित्राजवळ गेल्या आणि बोटाने मोजायला लागल्या.

"एकच पान? घरं तीन हायत."

"आई, पीठ संपत आलंय."

"मग मळ. राजे हायत, दोन वड्यांवर न्हाय भागायचं. आनि एकदा जेवाया बोलावलं की दर वर्साला घालावं लागतं. तू बोलावलंस, तूच रांध."

चित्र अजून तिथेच आहे. आल्यागेल्याची नजर जाते, मी सुखावते. परवा क्लासच्या बाई म्हणाल्या, नव्या चित्रात मागे आणखी दोन-चार पिरॅमिड टाका, छान भरल्यासारखं दिसेल. मी नुसतं वाळवंट काढलं.