आम्ही हुंडा शिकवला

पूर्वग्रह हा माणसाच्या मनावर चढलेला सर्वांत जुना गंज आहे, आणि तो घासून काढायचं योग्य वय म्हणजे सहा ते दहा. हे वाक्य माझं नाही. २०१६ सालच्या दिवाळीनंतर डहाणूला आमचं प्रशिक्षण झालं तेव्हा ते फळ्यावर लिहिलेलं होतं, आणि आम्ही सगळ्या शिक्षकांनी ते निमूटपणे उतरवून घेतलं होतं. लिहून झाल्यावर साहेबांनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, "लेडीज स्टाफपैकी कोणी जरा चहाचं बघता का?"

चहा झाला. मग गंज काढायचं साहित्य वाटण्यात आलं. साहित्य म्हणजे एक पातळ पुस्तिका, आणि पुस्तिकेत एक नाटुकली. प्रत्येक शाळेने ती बसवायची, जानेवारीत डहाणूच्या सभागृहात सादर करायची. विषय मुलगा-मुलगी समानता. पहिल्या प्रवेशात मुलगी जन्मते आणि बाप कपाळाला हात लावतो. दुसऱ्यात तिचं लग्न ठरतं, मुलाचा बाप मोटारसायकल मागतो, मुलीचा बाप पागोटं त्याच्या पायावर ठेवतो. तिसऱ्यात तीच मुलगी कलेक्टर होऊन येते आणि सगळे माना खाली घालतात. लिहिणाऱ्याला मधल्या काळात तिचं काय झालं, हा प्रश्न पडलेला नव्हता.

माझी शाळा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर. दोन खोल्या, चार इयत्ता, दोन शिक्षक. एक मी आणि एक हेडसर. हेडसरांचा बराचसा वेळ पाण्याच्या टाकीवर जाई, कारण मोबाईलला रेंज तिथेच मिळायची आणि शाळेची माहिती ऑनलाइन भरायची असायची. मी घाटावरची. सरावलीला खोली घेऊन राहायचे आणि सकाळी मिळेल त्या जीपने यायचे. पाड्यावरची मुलं वारली समाजातली. अपवाद एकच, दुकानदाराची मुलगी. तिच्या घरी गुजराती बोलत, आणि तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं असल्यामुळे कोणीही पाहुणे आले की तिलाच उभं करायची प्रथा पडली होती.

चौथीत एक मुलगी होती. ती बोलत नसे. मुकी नव्हती, वाचता येत होतं, गणित तर चांगलंच यायचं. पण उत्तर विचारलं की ओठ हलायचे आणि आवाज आतच राहायचा. पहिलीत असताना ती वारलीत काहीतरी बोलली होती, आणि माझ्या आधीच्या शिक्षकांनी सगळ्या वर्गाला हसवून "आता हेच माणसासारखं सांग" असं म्हटलं होतं, असं मुलांकडून कळलं. तिने त्यावर शांतपणे विचार करून बोलणंच बंद केलेलं दिसत होतं. मला घाई होती, कारण जूनमध्ये ती पाचवीसाठी आश्रमशाळेत जाणार होती. तिथे एका वर्गात इतकी मुलं की कुजबुज ऐकायला कोणी थांबत नाही. तिथे ती बोलली नाही, तर पुढच्या दिवाळीत परत पाड्यावर येऊन धाकट्या भावाला कडेवर घेणार, हे मला उघड दिसत होतं. अशा दोघी मी आधी पाहिल्या होत्या.

पण पुस्तिकेत तिच्याबद्दल काही नव्हतं. पुस्तिकेत हुंडा होता.

पहिल्याच तालमीला बाप झालेला मुलगा मुलगी झाल्याचं ऐकून नाचायला लागला.

"नाचतोस काय? कपाळाला हात लाव."

"कशाला, बाई?"

"मुलगी झाली ना."

"मग?"

"तुला वाईट वाटलंय."

"कशाचं?"

मी पुस्तिका पाहिली. कशाचं, ते तिथे लिहिलेलं नव्हतं. ते वाचणाऱ्याला माहीत असणार असं गृहीत होतं. मी दुसऱ्या प्रवेशाकडे वळले, तर तिथे आणखी घोटाळा. मुलाच्या बापाने मागायचं, तर तो मुलीच्या बापापुढे हात जोडून उभा. वारल्यांत देज देतात. मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात, धान्य, लुगडी, काही पैसे. मागायचंच असेल तर मुलगीच मागायची असते, आणि ती नम्रपणे मागायची असते, हे त्या दहा वर्षांच्या व्याह्याला ठाऊक होतं.

"अरे, तू मागायचंस. मोटारसायकल माग."

"पोरगी पण तो देल, नि मोटारसायकल पण तोच देल?"

"हो."

"मग तो येडा काय, बाई?"

वर्ग हसला.

कोणी याचा अर्थ पाड्यावर स्वर्ग होता असा घेऊ नये. तसा अर्थ घेणारे लोक रविवारी मुंबईहून गाडी घेऊन येतात आणि भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढून जातात. देज जमत नाही म्हणून वर्षानुवर्षं लग्नाशिवाय संसार करणारी जोडपी तिथे होती. बाप दारू पीत, आया मार खात, आणि भाऊ सांभाळायला घरी राहायची ती मुलगीच. यातल्या कशावरही नाटुकली असती तर मी आनंदाने बसवली असती. पण खात्याला आमच्या मुलांचे पूर्वग्रह नको होते. खात्याला खात्याजवळचेच पूर्वग्रह हवे होते, आणि ते मुलांकडे नव्हते. त्यामुळे काढण्यापूर्वी ते आधी घालणं भाग होतं. मी चार दिवस हुंडा शिकवला. मुलगी म्हणजे ओझं, मुलगी म्हणजे परक्याचं धन, सगळं फळ्यावर लिहून. एरवी हातच्याची वजाबाकी शिकवताना माझं डोकं फिरायचं, पण हे मुलांनी भराभर उचललं. पाचव्या दिवशी बाप कपाळाला इतका झकास हात लावत होता की हेडसर म्हणाले, "वा, आता समज आली."

मग लग्नाची तालीम आली. पुस्तिकेत होतं, भटजी मंगलाष्टकं म्हणतात. मी विचारलं, भटजी कोण होणार? कोणीच हात वर केला नाही. भटजी त्यांनी फार तर टीव्हीवर पाहिला असेल. पाड्यात लग्न धवलेरी लावते. धवलेरी म्हणजे लग्नाची गाणी येणारी बाई. ती रात्रभर गाते, डोंगराला, नदीला, घराण्यातल्या मेलेल्या माणसांना बोलावणं करते, आणि ती गायली म्हणजे लग्न लागतं.

"धवलेरी पायजे, बाई," मुलं म्हणाली, आणि सगळ्यांनी न बोलणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. तिची आजी पाड्याची धवलेरी होती.

"हिला येतं?"

"सुट्टीत आंब्याखाली आमी लगीन लावतो ना. तीच लावते."

मी दीड वर्ष त्या शाळेत होते आणि आंब्याखाली काय चालतं ते मला माहीत नव्हतं. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, नवरा-नवरीला ओढून जवळजवळ बसवलं, आणि गायला लागली. आवाज जाड, मोठा, थोडा उद्धट. टाकीवरून हेडसर खाली आले.

"ही बोलते?"

"गाते, सर."

"मग इतकी वर्षं काय करत होती?"

पुढचे आठ-दहा दिवस चांगले गेले. धवलेरी झाल्यापासून तिने वर्गात दोनदा उत्तर दिलं. एकदा तर दुकानदाराच्या मुलीचं गणित चुकलं तेव्हा "चुकला" असं तिने सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं. मी पुढचं गणित जरा अवघड घातलं.

मग केंद्रप्रमुख तालीम पाहायला आले. माणूस वाईट नव्हता. घोलवडला त्यांची चिकूची वाडी. येताना मुलांसाठी पिशवीभर चिकू आणायचे आणि एकेकाच्या हातात स्वतः द्यायचे. त्यांनी दोन प्रवेश मान डोलावत पाहिले. धवलेरीने गायला सुरुवात केल्यावर मान थांबली.

"बाई, हे काय? लग्न बाई लावतेय?"

"इथे तसंच असतं, सर."

"असेल. पण प्रेक्षकांना वास्तव वाटलं पाहिजे."

"हेच वास्तव आहे."

"बाई, तुम्ही घाटावरच्या. मी इथला. या लोकांना मी लहानपणापासून बघतोय, आमच्या वाडीवरच आहेत. त्यांना जरा पुढचं दाखवा. हे मागासलेलं कशाला?"

"बाईने लग्न लावणं मागासलेलं आणि पुरुषाने लावणं पुढारलेलं?"

"तुम्ही विषय भरकटवताय. विषय काय आहे? समानता. त्यात हे मध्येच कुठे आलं?"

हेडसर माझ्याकडे बघून नको-नको अशी मान हलवत होते. केंद्रप्रमुखांनी समजुतीने सांगितलं, "परीक्षक बाहेरचे येणार. ही पोरं मुळात लाजरी, यांना स्टेज जमत नाही. छापलंय तेवढं पाठ करून घ्या. भटजी एखाद्या पोराला करा. हिला नवरी करा, नवरीला बोलायचं काही नाहीये."

मी तिला कलेक्टर करू का, असं विचारलं. कलेक्टरसाठी उच्चार शुद्ध हवेत, म्हणून तिथे दुकानदाराची मुलगी आधीच नेमलेली होती. अशा रीतीने समानतेच्या कार्यक्रमात एका मुलीचं काम काढून मुलाला देण्यात आलं. मुलीला सांगितल्यावर तिने ओठ हलवले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गात पुन्हा तेच.

कपड्यांसाठी मी डहाणू रोडला भाड्याने पोशाख देणाऱ्याकडे गेले. नवरीचं लुगडं आणि भटजीचं सोवळं मागितलं. त्याने शाळेचं नाव विचारलं आणि आतून एक गाठोडं आणलं. "आदिवासी घेऊन जा ना, बाई. पिसांचं आहे, पानांचं पण आहे."

"मुलं आदिवासीच आहेत," मी म्हणाले.

"मग तर पाहिजेच."

मी काहीच न घेता परत आले. मुलं गणवेशात करतील, म्हटलं. निळी पँट, निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. भटजीला जानवं तेवढं हवं होतं. संक्रांत नुकतीच झाली होती, झाडांना पतंगांचा दोरा लटकत होता, त्यातलाच शर्टावरून घातला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाड्यावरच्या बाया टेम्पोत बसून आल्या आणि सभागृहात शेवटच्या रांगेत बसल्या, कारण पुढच्या रांगांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या होत्या. प्रमुख पाहुण्यांचं मुलींनी ओवाळून स्वागत केलं. पाहुणे स्त्रीशक्तीवर बोलले, खूप वेळ बोलले, आणि प्रत्येक शाळेची वेळ दहा मिनिटांवर आली.

आमचं ठीक सुरू झालं. बापाने कपाळाला हात लावला, टाळ्या. व्याह्याने मोटारसायकल मागितली. शेवटच्या रांगेतल्या बाया हसल्या, पुढच्यांनी वळून पाहिलं. मग लग्न. आमचा भटजी उभा राहिला, दोरा सरळ केला आणि विसरला. मंगलाष्टकांतला एक शब्दही आठवेना. विंगेतून हेडसर "शुभमंगल, शुभमंगल" असं पुटपुटत होते. भटजी त्यांच्याकडे बघत राहिला. केंद्रप्रमुखांची खुर्ची करकरली.

नवरीने मान वर केली. आधी तिने भटजीला हाताने बाजूला केलं. मग नवऱ्याला ओढून नीट बसवलं. मग गायला लागली.

माईक लांब होता. तिला लागला नाही. एका ओळीनंतर शेवटच्या रांगेतून उत्तर आलं, कारण धवलेरी गायली की बायांनी पुढची ओळ उचलायची असते. ते नाटक आहे हे त्यांना कोणी वेगळं सांगितलेलं नव्हतं. आता धवलेरीचं गाणं असं असतं की ज्यांना बोलावायचं ते सगळे आल्याशिवाय ते संपत नाही. घंटा वाजली. सूत्रसंचालक मॅडम "धन्यवाद" म्हणाल्या. पुन्हा घंटा वाजली. विंगेत कलेक्टर फाईल घेऊन उभी होती ती उभीच राहिली. शेवटी पडदा ओढला, तरी पडद्यामागून आणि शेवटच्या रांगेतून लग्न चालूच होतं.

परीक्षकांनी माईकवरून सांगितलं की शाळेचा प्रयत्न स्तुत्य आहे, पण कलेक्टरचा प्रवेश न झाल्याने समानतेचा संदेश पोचला नाही. शिवाय नवरीने स्वतःच्याच लग्नात गाणं वास्तवाला धरून नाही.

परत जाताना मी टेम्पोत मुलांबरोबर बसले. आमची नवरी भटजीसमोर बसली होती. डहाणूपासून तलासरीपर्यंत ती त्याला झापत होती. वारलीत, मराठीत, पुन्हा वारलीत. येत नव्हतं तर उभा कशाला राहिलास, दोरा घालून काय होतं, बाईंची इज्जत गेली ना, परत कधी लगीन लावायला येऊ नकोस. भटजी टेम्पोबाहेर बघत होता. चारोटीची वाट सुटून बराच वेळ झाल्यावर हेडसर पुढून म्हणाले, "अगं ए, जरा गप्प बस." ती गप्प बसली नाही. जूनमध्ये आश्रमशाळेत गेली, आणि तिथल्या बाईंचा पहिला निरोप आला तो, तुमची मुलगी फार बोलते, असा.

आम्हाला त्या दिवशी एक बक्षीस मिळालं. शाळेच्या कपाटात ते प्रशस्तिपत्र अजून आहे. उत्कृष्ट पारंपरिक वेशभूषेचं.