हिपोलिताच्या आईचं उखळ

हिपोलिता नुन्येस रागावली नाही असा एक दिवस बेलीझच्या किनाऱ्यावरच्या हॉपकिन्स गावात कुणाला आठवत नाही. समुद्र शांत असला तर ती समुद्रावर चिडायची, की ह्याला झालंय तरी काय, मासे गेले कुठे? आणि खवळला तर आणखी चिडायची. पाद्रीबाबांनी प्रवचन लांबवलं की मागच्या बाकावरून तिचं खाकरणं ऐकू यायचं, आणि बाबा मुकाट्याने आटोपतं घ्यायचे. एकदा तिच्या सुनेने शिकागोहून डब्यातला नारळाचा रस आणला होता. हिपोलिताने तो डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही, तशीच वाळू तुडवत गेली आणि लाटांत भिरकावला. दुसऱ्या दिवशी लाटांनी तो परत आणून टाकला. तिने पुन्हा भिरकावला, आणि ह्या खेपेला समुद्रालाही चार शब्द सुनावले.

पण तिच्या हातच्या हुदुतला नावं ठेवणारा माणूस अजून जन्मायचा होता. हुदुत म्हणजे नारळाच्या रसातलं माशाचं कालवण, आणि त्याच्याबरोबर उखळात कांडलेल्या केळ्यांचा गोळा. ऐकायला सोपं आहे, करायला बसा म्हणजे कळेल. नारळ खवायचे, पिळायचे, रस चुलीवर चढवायचा आणि मग चुलीपुढून हलायचं नाही. डाव एकाच अंगाने फिरवत राहायचं. उकळी चढू दिली, नजर जरा इकडेतिकडे झाली, की रस फुटलाच म्हणून समजा, तेल वर आणि गुठळ्या खाली. गावात म्हणतात, रागीट बाईच्या हाती रस टिकत नाही. हिपोलिताच्या हाती तो पन्नास वर्षांत एकदाही फुटला नव्हता.

"कोण म्हणतं रागीट?" ती विचारायची. "आणा त्याला इथे. ह्याच डावाने बघते त्याच्याकडे."

उखळ होतं तिच्या आईचं. बापाने महोगनीच्या बुंध्यातून कोरलेलं, कमरेएवढं उंच, आत हात घातला तर कोपर बुडावं एवढं खोल. आमच्यात प्रत्येक घराच्या उखळाचा आवाज वेगळा असतो. कुणाचं ठणठणतं, कुणाचं बसक्या घशाचं. ह्या उखळाचा आवाज जमिनीतून यायचा, पायांना आधी कळायचा आणि कानांना मागून. मोठ्या वादळाच्या वर्षी घर गेलं, तसं हे उखळही पाण्याबरोबर वाहून गेलं. आठ दिवसांनी दोन मैलांवर तिवरांच्या मुळांत अडकलेलं सापडलं, काठाचा टवका उडालेला. आईने ते डोक्यावर घेतलं आणि चालत घरी आणलं. घराला भिंती नव्हत्या तेव्हा, पण दुसऱ्या दिवशी दुपारी उखळ वाजत होतं. गाव म्हणालं, चला, नुन्येसबाई घरी आली.

ती आई गेल्या वर्षी वारली, नव्वद ओलांडून. उखळ रिवाजाप्रमाणे थोरल्या लेकीकडे, आईच्याच घरात राहणाऱ्या हिपोलिताकडे आलं. आणि चारच महिन्यांत हिपोलिताच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, म्हणून मुलीने तिला ऑपरेशनसाठी बेलीझ शहरात नेलं. दोन महिने ती तिथे मुलीच्या घरी राहिली, जाळीच्या खिडकीतून रस्त्यावरच्या मोटारींना शिव्या देत.

तिथेच आई स्वप्नात आली. ओला परकर घोट्यांना चिकटलेला, किनाऱ्यावरून एका घराकडून दुसऱ्या घराकडे चाललेली. म्हणाली, "पोलिते, भूक लागलीय गं. उखळ वाजत नाही. आपलं घर कुठलं तेच कळत नाही मला."

एकदा नाही, तीनदा आली. गेलेलं माणूस जेवायला मागतं तेव्हा आमच्यात कुणी हातावर हात ठेवून बसत नाही. हिपोलिता डोळ्यावर काळा चष्मा लावून पहिल्या बसने परत आली, आणि नव्या डोळ्याने स्वयंपाकाच्या झोपडीत पहिली गोष्ट पाहिली ती जमिनीवरचा एक गोल. उखळ जिथे वर्षानुवर्षं उभं होतं तिथे माती दाबून गुळगुळीत झाली होती. उखळ नव्हतं.

"वाळवी लागली होती, ताई," तिचा भाऊ फेर्मिन म्हणाला. तो सुतार, बापाच्याच हाताखाली शिकलेला. घराची किल्ली त्याच्याकडे ठेवून ती गेली होती. "आतून पोखरलं होतं सगळं. जाळून टाकलं मी. तुला कळवलं नाही, म्हटलं डोळ्याला त्रास होईल."

"वाळवी? महोगनीला?"

"नवी जात आलीय म्हणे."

तिने त्याला त्या दिवशी जे जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मला न विचारता जाळलंस? आईचं उखळ? राख तरी ठेवलीस का मेल्या? फेर्मिन मान खाली घालून निघून गेला. पण तिने विश्वास ठेवला. सख्खा भाऊ, तोही सुतार. लाकडाबद्दल खोटं कशाला बोलेल?

आईला जेवू घालायला शनिवार ठरला. आमच्यात बारा वाजता, देवळाची घंटा झाली की, पितरांचं ताट मांडतात. शेजारच्या सिमेओना म्हातारीने आपलं उखळ दिलं होतं. सिमेओना म्हणजे आईची बालमैत्रीण, दोन वर्षं झाली अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत. कुणाच्या घरी काय शिजतंय हे ती पडल्या पडल्या सांगायची. सकाळपासून हिपोलिताची धुसफूस चालूच होती. आई सिमेओनाच्या उखळाचा आवाज ऐकेल आणि सिमेओनाच्याच घरात शिरेल! काय करायचं मग? तांबोशी मासे चिरून, मीठ लावून ठेवले होते. बारा नारळांचा रस चुलीवर होता, आणि ती डाव फिरवत होती.

तेवढ्यात फेर्मिनची मुलगी सोईला मदतीला आली. गावाच्या दक्षिण टोकाला एक हॉटेल आहे, तिथे ती खोल्या झाडते. बावीस वर्षांची पोर, पण त्या दिवशी तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. उकडलेली केळी सोलायला घेतली आणि ठेवून दिली. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली.

"केळ्याने चावलं का गं तुला?" हिपोलिता म्हणाली.

"आत्या, तू रागावशील."

"मी रागावलेलीच आहे. बोल."

"उखळ जाळलेलं नाही. हॉटेलच्या दारात आहे. त्यात जास्वंद लावलीय." सोईलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "टवका बघितला मी. आजीचंच आहे. बाबांना तिथल्या दारं-खिडक्यांचं काम मिळालं ना, त्याच्या आधी त्यांनी ते नेऊन दिलं. मला म्हणाले, आत्याला सांगितलंस तर घरात पाऊल टाकू नकोस. पण आज आजी यायचीय. आज कशी गप्प बसू?"

हिपोलिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने डाव सोईलाच्या हातात कोंबला. "एका अंगाने फिरव. थांबलीस तर बघ." आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती चुलीवरचा रस सोडून उठली.

फेर्मिन आपल्या घराच्या दारात बसून रंधा मारत होता. बहिणीला येताना पाहिलं आणि त्याला काही विचारावंच लागलं नाही. रंधा खाली ठेवून तो उभा राहिला.

"चल," ती म्हणाली.

"ताई, ऐक तरी..."

"ऐकते ना! वाळवीची नवी जात कशी दिसते ते बघायला चाललोय आपण. पुढे हो."

सगळ्या रस्त्याने ती मागून बोलत होती आणि तो पुढून चालत होता. लोक दारांत येऊन उभे राहिले. "अरे, तुला त्यातलं खाऊ घालून मोठा केला रे तिने! दात नव्हते तेव्हा त्यातलं मऊ केळं बोटाने भरवलं! आणि तू त्याची कुंडी केलीस?"

"मला वाटलं तू आता परत येत नाहीस," फेर्मिन वळून म्हणाला. "मुलगी ठेवून घेईल तुला शहरात. डोळाही गेलेला. कोण कांडणार होतं त्यात? नुसतं पडून राहिलं असतं."

"मग तसं सांगायचं! जाळलं कशाला म्हणालास?"

फेर्मिन पुन्हा पुढे वळला आणि चालायला लागला.

हॉटेलच्या दारात, पाहुण्यांच्या बॅगांशेजारी, उखळ उभं होतं. वरून चकचकीत तेल लावलेलं, काठोकाठ माती, लाल जास्वंद. व्यवस्थापक धावत आला, तरुण गोरा मुलगा. "बाई, हे आम्हाला मिस्टर फेर्मिननी दिलंय. आम्ही फार जपतो त्याला. रोज पुसतो."

"तुझा काही दोष नाही, मुला. बाजूला हो." तिने जास्वंद मुळासकट उपटली आणि त्याच्या हातात दिली. ओंजळी भरभरून माती त्याच्या फरशीवर काढली. मग भावाकडे वळली. "आईने दोन मैल डोक्यावरून आणलं होतं. उचल."

"ताई, ढकलगाडी आणतो."

"डोक्यावर."

भर उन्हात, अख्ख्या गावासमोर, साठीचा फेर्मिन नुन्येस डोक्यावर उखळ घेऊन चालला. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, उरलेली माती कानांत सांडतेय. कुणी हसलं नाही. हिपोलिता मागे आहे म्हटल्यावर हसणार कोण? फक्त सोईला ते पाहायला झोपडीच्या दाराशी आली. एक मिनिट, फार तर दोन. तेवढं पुरलं. हिपोलिता आत आली तेव्हा पातेल्यात तेल वर तरंगत होतं आणि खाली पांढऱ्या गुठळ्या.

"आत्या..." सोईला रडायलाच लागली.

"गप. मासे सोड त्यात." हिपोलिताने पातेल्याकडे पुन्हा पाहिलं नाही. बारा वाजायला अर्धा तास होता, रस पुन्हा काढायला वेळ नव्हता. "फुटला तर फुटला. उखळ आलंय ना? ते वाजलं की ती येईल. आली की मी करीन तिची समजूत."

तिने उखळ त्या गुळगुळीत गोलावर बसवलं. अगदी तंतोतंत बसलं. बादलीभर पाणी ओतलं, आत हाताने घासून माती काढू लागली. आणि पायांना गार लागलं. पाणी तिच्या पावलांखालून वाहत चाललं होतं. उखळाच्या बुडातून.

तिने हात आत घातला, खोल, कोपरापर्यंत. बोट भोकातून आरपार गेलं. गिरमिटाने पाडलेलं स्वच्छ, गोल भोक. असं भोक सुतारच पाडतो.

"तू?" ती म्हणाली.

"पाणी साचत होतं," फेर्मिन म्हणाला. "झाडाची मुळं कुजायला लागली होती."

"झाडाची मुळं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तिने ओला हात त्याच्या थोबाडीत ठेवून दिला. तो जागचा हलला नाही. मग सरळ घरी पळत गेला आणि महोगनीचा तुकडा घेऊन आला, घामाने डबडबलेला. खुंटी तासली, ठोकून बसवली, वरून सपाट केली. पाणी थांबलं. "बघ, कळतसुद्धा नाही, ताई," तो म्हणाला, पण तिच्याकडे बघून नाही.

तिने उकडलेली केळी सोलून आत टाकली, मुसळ उचललं आणि घाव घातला.

ठप्प.

पुन्हा घातला. ठप्प. पायांना काहीच कळलं नाही. आवाज वरच्या वर निघाला आणि वरच्या वर मेला. ती कांडत राहिली. तिला वाटलं आणखी जोर लावला तर येईल, आणि खरंच एवढा जोर लावला की सोईलाने हात पुढे केला. ठप्प, ठप्प. शेवटी शेजारच्या खिडकीतून सिमेओना म्हातारीची हाक आली.

"पोलिते! तुमच्या पलीकडे कोण राहायला आलं गं? हे उखळ कुणाचं?"

हिपोलिताने मुसळ खाली ठेवलं. सत्तर वर्षं त्या आवाजाशेजारी राहिलेल्या बाईला कळलं नाही, तर जी आई पाण्यावरून चाचपडत येतेय तिला काय कळणार? ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि नव्या-जुन्या दोन्ही डोळ्यांनी भडाभडा रडली. फेर्मिन पुढे सरकला, तर त्याला म्हणाली, "हात लावू नकोस मला."

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. बारा.

तिने डोळे पुसले, पातेल्यातला डाव उचलला आणि तशीच बाहेर पडली, फेर्मिन मागोमाग. ऊन, वाळू, काही बघितलं नाही. घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली, डाव उगारला आणि साऱ्या गावाला पाठ असलेल्या त्या आवाजात ओरडली.

"आई! इकडे गं! उखळाच्या भरवशावर राहू नकोस, त्याची तुझ्या लाडक्याने वाट लावलीय! हा बघ इथेच उभा आहे, आल्या आल्या एक ठेवून दे त्याला! इकडे-तिकडे कुठे शोधतेस? मी ओरडतेय तेच आपलं घर! रस फुटलाय आज, नाक मुरडायचं नाही, मासा ताजा आहे! ये लवकर, निवतंय!"